खरवडीपर्यंत

सोलमधल्या सिन्दांग-दोंगच्या गल्लीत बसलो की टेबलावरच्याच शेगडीवर पसरट कढई येते. तांदळाच्या पिठाच्या बोटभर कांड्या, कोबी, फिश केक, उकडलेलं अंडं, गोचुजांग या तिखटगोड मिरचीच्या लगद्याचा गोळा आणि वर राम्यन या झटपट शेवयांची कोरडी वडी. रस्सा रटरटू लागला तशी वडी सुटली, शेवया लाल झाल्या. वाढणाऱ्या बाईंना सगळे ‘इमो’ म्हणत होते. इमो म्हणजे मावशी. मावशींनी खुणेनंच बजावलं, आधी शेवया संपवा, त्या फुगतात.

ही राबोक्की. राम्यनमधला ‘रा’ आणि तॉकबोक्की या कांड्यांच्या पदार्थातला ‘बोक्की’. कोरियातल्या शाळकरी पोरांचं हे लाडकं खाणं.

मूळची तॉकबोक्की राजवाड्यातली, सोया सॉस आणि मांस घातलेली. आजचं लाल रूप कोरियन युद्धानंतरचं. मा बोक-रिम या बाईंनी १९५३ साली याच भागात ते विकायला सुरुवात केली, असं मानतात. तांदळाची टंचाई होती आणि अमेरिकेच्या मदतीचा गहू येत होता, म्हणून कांड्याही पुढे गव्हाच्या पिठाच्या होऊ लागल्या. १९६३ मध्ये साम्यांग कंपनीचं राम्यन आलं, पाकीट १० वॉनला. भात कमी खा, असा सरकारचाच आग्रह होता. भातात जव मिसळलेत ना, हे बघायला शाळेत मास्तर मुलांचे डबे तपासत.

हा इतिहास वाचताना मला आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडेही अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिथली ज्वारी, आला होता. त्याच्या भाकरी थापताना तुटायच्या. आईला आजही मिलोचं नाव नको असतं. बाहेरचं धान्य पोट भरतं, पण ते घशाखाली उतरवायला घरचं तिखट लागतं. सोलच्या बायकांना गोचुजांग हाताशी होतं. त्यांनी परक्या पिठाला ते लावलं आणि आपलंसं केलं. या बायकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

कढई तळाला आली तशी मावशींनी उरल्या रश्शात भात घातला, वर समुद्री शेवाळाचा चुरा भुरभुरला आणि उलथन्यानं सगळं दाबून पसरलं. खाली खमंग खरवड धरली. तांदूळ मिळत नव्हता त्या दिवसांत वाढलेलं हे खाणं आज भातावर संपतं. मी ती खरवड शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.