धाकापेक्षा अभय मोलाचे

ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर जागृती महिन्याच्या शुभारंभप्रसंगी अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या घरातील एक प्रसंग जाहीरपणे सांगितला. त्यांची मुलगी अनोळखी व्यक्तीशी ऑनलाइन खेळत होती. ‘तू मुलगा की मुलगी?’ असे विचारून, उत्तर मिळताच समोरच्याने तिचे नग्न छायाचित्र मागितले. मुलीने तत्क्षणी खेळ बंद केला आणि आईला सांगितले.

अशी किती मुले आईला सांगतील? भिवंडीत यंत्रमागाच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या, गोदामांतील कामे आणि ठाणे-मुंबईचा प्रवास यांत आईवडिलांचा दिवस सरतो. घरी मूल आणि मोबाइल उरतात. मार बसेल, शाळा सुटेल या भयाने मूल गप्प राहते. हे मौन हेच धमकावणाऱ्याचे भांडवल! एक छायाचित्र हाती लागले की तो दुसरे मागतो, पुढे पैसे.

कायदा मुलांच्या पाठीशी आहे. २०१२ चा पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब यांनुसार हा गुन्हा आहे. १०९८ वर साहाय्य मिळते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही अशी तक्रार करता येते. संदेश मात्र पुसू नयेत. तोच पुरावा असतो.

परंतु कायद्याच्या दाराशी जाणारी वाट घराच्या उंबरठ्यावरून जाते. रात्रीचे जेवण मोबाइलविना एकत्र व्हावे आणि ‘काहीही घडो, आधी आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही’ हे अभय प्रत्येक पालकाने आजच द्यावे. दिलेला शब्द पाळावाही.