टॅन काढायचाय? आधी डबी उलटी करून बघा!

पोलीस भरतीचा सराव, उन्हात बसस्टॉपवर ताटकळणं आणि ४५ अंशांच्या पुढे जाणारा चंद्रपूरचा मे महिना. चेहरा रापणारच. मग लग्नसराई आली की चंद्रपूर काय, गडचिरोली काय, पार्लरमध्ये एकच मागणी: 'डी-टॅन करून द्या ना!'

गंमत बघा, पाश्चात्त्य देशांत लोक पैसे मोजून कातडी रापवून घेतात. त्यासाठीच्या टॅनिंग बेडना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये थेट कर्करोगकारक ठरवलं. ब्राझीलने त्याच वर्षी अशा व्यवसायावर बंदी घातली. आपल्याकडे धंदा उलटा, गोरं करण्याचा. पण धोका तसाच.

लांब कशाला, आपल्याच विदर्भातलं अकोला घ्या. तिथली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघींच्या किडनीला त्रास झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली. तिघीही पार्लरमधून आणलेलं एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला.

पारा त्वचेतलं मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून रंग पटकन उजळतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा चमकतो, मग त्वचा पातळ होते, पुरळ येतं, लव वाढते. क्रीम बंद केलं की त्रास आणखी भडकतो, म्हणून ते सुटतही नाही.

मग कायदा काय करतो? २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत आलेला अंशही दशलक्षात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. बेटामेथासोनसारखी स्टेरॉइड क्रीम २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. म्हणजे नियम आहेत. पण त्यांचा भर उत्पादक आणि आयातदारावर आहे. सौंदर्यप्रसाधनं विकायला मेडिकलसारखा विक्री परवाना लागत नाही. त्यामुळे साध्या डबीत भरून दिलेलं 'हर्बल' क्रीम अन्न व औषध प्रशासनाच्या नजरेत येतं ते बहुधा कुणी आजारी पडल्यावरच. खरी फट इथे आहे.

ती बुजेपर्यंत एवढं तरी करा. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर नसेल, तर ती परत द्या. घटकांत 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' दिसलं, तर हातही लावू नका. क्रीम वापरताना पायावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरांकडे जा आणि डबी सोबत न्या. स्टेरॉइड क्रीम बरेच दिवस लावत असाल, तर ते बंदही डॉक्टरांना विचारूनच करा.

उन्हाने रापलेला चेहरा काही आठवड्यांत आपोआप निवळतो. किडनीचं तसं नसतं.