बंदूक नाकारणाऱ्याला दार

मक्केतून छळाला कंटाळून आलेल्या मुसलमानांना हबशाच्या ख्रिस्ती नजाशी बादशहाने कुरैशांच्या हवाली केले नाही. 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर आपल्या नांदेड-लातूर भागातही काही मुस्लिम कुटुंबे हिंदू शेजाऱ्यांच्या घरी लपून वाचली.

आज रशिया, इरिट्रियातले तरुण ‘आम्ही माणसं मारणार नाही’ म्हणत देश सोडतात. अशांना छळाची भीती असेल, तर निर्वासिताचा दर्जा मिळू शकतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले. तरीही कित्येकांचे अर्ज फेटाळले जातात.

आपली मुले परदेशात असतील, तर तिथल्या लोकप्रतिनिधींना या तरुणांसाठी पत्र लिहायला सांगा. त्यांचा धर्म विचारू नका. आपल्या दादा-दादींना दार उघडणाऱ्यांनी तरी कुठे पाहिला होता?