वाऱ्याला तोंड कोण देतं?

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत संघातले आठ जण राबतात आणि नाव एकाचं होतं, हा ढोंगीपणा आहे, असं गेल्या अंकातील पत्रलेखकांचं म्हणणं. त्यांनी दुपारी समुद्राचा वारा सुटल्यावर मुरुडहून काशिदला सायकल मारून पाहावी. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं, की जवळपास एक तृतीयांश कष्ट वाचतात; साथीदार पुढे राहून वारा झेलतात, ते यासाठीच. बरं, विजेता बक्षिसाचे पैसे साथीदारांत वाटतो, ही तिथली जुनी रीत. राहिला त्यांचा ‘परदेशी खूळ’ हा शेरा. मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ काय फ्रान्सहून आला? नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांत आळीपाळीनेच पूर्ण केली. आमच्या घट्ट चड्ड्यांना मात्र खुशाल हसा!

— एक सायकलस्वार, मुरुड (जि. रायगड)