मूलपेशी: धडा दहावीचा, प्रश्न घरोघरचा



दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' हे प्रकरण आहे. त्यात मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल येतात. व्याख्या पाठ होते, उपयोगांची यादी पाठ होते, मार्क मिळतात आणि पुस्तक मिटतं. पण हा विषय परीक्षेनंतरही आपली पाठ सोडत नाही. मुलुंड असो, अंधेरी असो की बोरिवली, घरात बाळ येणार म्हटलं की कुणीतरी रंगीत माहितीपत्रक हातात ठेवतंच. बाळाच्या नाळेतलं रक्त बँकेत ठेवा, पुढे कुठल्याही आजारात कामी येईल, ही संधी आयुष्यात एकदाच! हप्त्यांची सोयही असते.

माझं मत आधीच स्पष्ट सांगते. घरात तशी वैद्यकीय गरज नसेल, तर खासगी बँकेत हे पैसे भरू नयेत. का, ते बघू.

एका फलित अंड्यापासून आपलं सगळं शरीर घडतं. सुरुवातीच्या पेशी काहीही होऊ शकतात: त्वचा, हाड, मेंदू. पुढे प्रत्येक पेशी आपलं काम ठरवते आणि सहसा बदलत नाही. काही मूलपेशी मात्र जन्मभर राहतात. अस्थिमज्जेतल्या मूलपेशी रोज नवीन रक्त तयार करतात. नाळेतल्या रक्तातही मुख्यतः ह्याच, रक्त बनवणाऱ्या मूलपेशी असतात. त्यातून नवं हृदय किंवा नवा मेंदू तयार होत नाही.

रक्ताच्या आजारांवर ह्या पेशींचा उपयोग पक्का सिद्ध झालेला आहे, आणि ह्यात आपल्या उपनगराचा अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. डॉ. सुरेश अडवाणी हे घाटकोपरच्या शाळेत आणि मग सोमय्या कॉलेजात शिकले. लहानपणी पोलिओ झालेला, पुढचं आयुष्य व्हीलचेअरवर. त्यांनी १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. रुग्ण होती रक्ताचा कॅन्सर झालेली नऊ वर्षांची मुलगी. मूलपेशी कुणाच्या? तिच्या भावाच्या. आज बोरिवली पूर्वेला महापालिकेचं केंद्र आहे, तिथे थॅलेसेमियाच्या मुलांवर हेच उपचार होतात.

आता नीट विचार करा. थॅलेसेमिया हा जनुकातला दोष. तो बाळाच्या प्रत्येक पेशीत असतो, म्हणजे त्याच्या नाळेतल्या रक्तातही असतो. मग त्याच बाळाला त्याचंच साठवलेलं रक्त देऊन उपयोग काय? दोष तसाच परत येणार. म्हणून निरोगी भावंडाच्या किंवा जुळणाऱ्या दात्याच्या पेशी लागतात. १९८८ मध्ये पॅरिसला नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण झालं, तेव्हाही मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं होतं. 'स्वतःसाठी ठेवा' ह्या जाहिरातीचा पायाच इथे डळमळतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे. स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेतलं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. मोठ्या भावंडाला ह्या पेशींनी बरा होणारा आजार असेल, तर गोष्ट वेगळी. स्वमग्नतेवर मूलपेशींचे उपचार करू नयेत, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये सांगितलं आहे.

काही पालक विचारतील, "पण टीचर, विज्ञान पुढे जातंय, उद्या उपयोग झाला तर?" प्रश्न रास्त आहे. विज्ञान खरंच पुढे जातंय, पण कुठल्या दिशेने ते बघा. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखं बनवून दाखवलं. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे मोठ्या माणसाच्या पेशीलाही मागे नेता येतं! मग 'आयुष्यात एकदाच' हे कितपत खरं? २०२५ मध्ये टाइप १ मधुमेहावरच्या एका चाचणीचे निकाल आले. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून तयार केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा पूर्ण डोस १२ जणांना दिला होता. वर्षभरानंतर त्यातल्या १० जणांना इन्सुलिनची इंजेक्शनं लागत नव्हती. फार आशादायक गोष्ट आहे. पण त्या पेशी रुग्णांच्या नाळेतून आलेल्या नव्हत्या, आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून औषधंही घ्यावी लागतात.

आणखी एक मुद्दा जो माहितीपत्रकात सहसा नसतो. बाळ जन्मल्यावर नाळ निदान एक मिनिट तरी कापू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तेवढ्या वेळात नाळेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याला लोह मिळतं. रक्तक्षयाचं प्रमाण इतकं असलेल्या आपल्या देशात त्या रक्ताची सगळ्यात चांगली बँक म्हणजे बाळाचं स्वतःचं शरीर, असं मला वाटतं.

मग करायचं काय? लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी, थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्या. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मेंडेलचे तक्ते आपण फळ्यावर काढतो ना, तेच इथे लागू पडतात. दुसरं, सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यताही २५ टक्केच असते. म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या मुलांनी दाता नोंदणीचा विचार करावा. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात, बस्स.

आणि शिक्षक मित्रांनो, एक विनंती. पाठ्यपुस्तकातल्या उपयोगांच्या यादीत थॅलेसेमिया, ल्युकेमिया आणि मधुमेह, कंपवात हे सगळे शेजारी शेजारी बसतात. शिकवताना फळ्यावर दोन रकाने करा: 'आज दवाखान्यात मिळणारे उपचार' आणि 'अजून संशोधनात असलेले'. कुठला आजार कुठे जातो, हे मुलांनाच ठरवू द्या. वर्गात पंधरा मिनिटं जास्त जातील. पण उद्या हीच मुलं आई-बाबा होतील आणि ते रंगीत पत्रक त्यांच्या हातात येईल, तेव्हा त्यांना काय विचारायचं ते ठाऊक असेल.