विश्लेषण : गाजली बुद्धमूर्ती, पण इतिहास सांगितला फुटक्या साच्यांनी!

स्वीडनमधील हेल्गो बेटावर १९५६ मध्ये उत्खननात कांस्याची छोटी बुद्धमूर्ती सापडली. भारतीय उपखंडाच्या वायव्येला, इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास घडलेली ही मूर्ती आज स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. तिच्यामुळे हेल्गो जगभर गाजले. मात्र, या बेटाची खरी ओळख तिथल्या ओतकामाच्या कार्यशाळांमध्ये आहे.

उत्खननात काय मिळाले?
पुरातत्त्वज्ञ विल्हेल्म होल्मक्विस्ट यांच्या नेतृत्वाखाली १९५४ मध्ये येथे उत्खनन सुरू झाले. मातीच्या साच्यांचे आणि धातू वितळवण्याच्या मुशींचे हजारो तुकडे निघाले. वस्त्र खांद्यावर अडकवण्याच्या नक्षीदार पिना येथे मोठ्या प्रमाणावर ओतल्या जात.

फुटके तुकडे मोलाचे का?
धातू सहसा कुणी टाकून देत नाही. जुना दागिना मोडून नवा घडतो किंवा विकला जाऊन दूर जातो. मातीचा साचा मात्र वस्तू बाहेर काढताना बहुधा फुटतो आणि तिथेच पडून राहतो. त्यामुळे दागिना कुठे वापरला गेला हे दागिना सांगतो. तो कुठे घडला हे साचा सांगतो.

मुशीवरून काय कळते?
मुशीच्या आतील थराची क्ष-किरण तपासणी केली की तांबे, जस्त, चांदी यांचे अंश दिसतात. पण पितळ वितळताना जस्ताची वाफ होऊन ती मुशीच्या मातीत मुरते. म्हणून जस्ताचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त भासू शकते. तुकडा नेमका कुठे, कोणत्या थरात होता, याची नोंदही तितकीच महत्त्वाची असते.

यातून धडा कोणता?
स्वीडनमध्ये परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरता येत नाही. कारण चोरटी खोदाई करणारा धातू उचलतो आणि माती विस्कटतो. आपल्याकडे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणजे निकष किमतीचा! जळक्या मुशीला बाजारात किंमत शून्य. शेतात मूर्ती निघाली की गाव जमते. तिच्या शेजारची खापरे बांधावर फेकली जातात. ज्या हातांनी मूर्ती घडवली, त्यांचा पत्ता त्या खापरांवरच असू शकतो. तो पुसला, तर मूर्ती उरेल. कारागीर मात्र कायमचा हरवेल.