बाळ रडलं तर ऐकणार कोण?

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणाला नव्यानं सांगावी लागत नाही. बायको लेकरू नजरेखाली ठेवून पाण्याला गेली. काका माती तुडवत होते, मुखी विठ्ठल होता. लेकरू रांगत चिखलात आलं, पायाखाली गेलं. ते रडलं असणारच, पण काकांना ऐकू गेलं नाही. पुढं पांडुरंगानं ते परत दिलं. कीर्तनात हा प्रसंग आला की बाया डोळ्याला पदर लावतात आणि काकांच्या तल्लीनतेला हात जोडतात. त्या भक्तीत उणं काढायचा आमचा विचार नाही. नोंदवायचं ते इतकंच, की शतकानुशतकं ही गोष्ट सांगताना कुणी असं म्हटलं नाही की अशा माणसानं मूलच होऊ देऊ नये.

कर्णबधिर जोडप्याच्या बाबतीत हे मांडवातच म्हणून होतं. ‘दोघं बी मुकी. उद्या बाळ रडलं तर ऐकणार कोण?’ अक्षता पडायच्या आत पंगतीत हा प्रश्न फिरतो, आणि तो नवरा-नवरीला ऐकू येत नाही म्हणून मोकळेपणानं फिरतो.

यंदाच्या अंकाचा विषय ‘मूल’ असा ठरला, तेव्हा कर्णबधिरांनी स्वतःचं मूल होऊ द्यावं की दत्तक घ्यावं, हा प्रश्न संपादकीयात घ्यायचं ठरवलं. विषय फार अरुंद आहे असं काही मित्रांनी सुचवलं. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याची अक्षमता नोंदवलेले लोक देशात पन्नास लाखांवर होते. त्यातल्या लग्नाच्या, संसाराच्या वयाच्या माणसांचा हा रोजचा विषय अरुंद कसा, ते आम्हाला कळलं नाही.

या माणसांना दोन सल्ले मिळतात आणि दोन्ही बहुधा एकाच तोंडून येतात. पहिला: स्वतःचं मूल कशाला, तेही बहिरंच निघायचं, त्यापेक्षा एखादं दत्तक घ्या. जोडपं खरंच दत्तकाचं बोलू लागलं की दुसरा येतो: परक्याचं लेकरू, तुम्हाला सांभाळायला जमेल का? म्हणजे पोटचं नको, कारण ते तुमच्यासारखं होईल, आणि दत्तक नको, कारण तुम्ही असे आहात. हे दोन्ही सल्ले एकदम पाळायचे तर उरतं फक्त रिकामं घर.

हा पेच आजचा नाही. उमरग्याच्या पलीकडे सीमा ओलांडली की बसवकल्याण लागतं, चालुक्यांची जुनी राजधानी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात तिथं विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. हिंदू वारसाहक्काचा बराचसा व्यवहार पुढं शेकडो वर्षं या टीकेवर चालला. धर्मशास्त्रानं जन्मांध आणि जन्मबधिर माणसाला वडिलार्जित मालमत्तेत वाटा नाकारला होता. त्याला फक्त पोसायचं. त्याच्या मुलाला वाटा मिळे, पण अट अशी की मुलगा निर्दोष हवा, आणि तो औरस हवा किंवा क्षेत्रज, म्हणजे नियोगानं बायकोच्या पोटी झालेला. विज्ञानेश्वर इथं मुद्दाम खुलासा करतो की हे दोनच प्रकार सांगितले आहेत ते बाकीचे वगळण्यासाठी. दत्तक त्या बाकीच्यांत आला. परपुरुषापासून बायकोला झालेला मुलगा चालेल, पण बहिऱ्यानं मांडीवर घेतलेला चालणार नाही! आपल्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर हा निकाल लिहिला गेला.

ब्रिटिश इंडियात ही वारसाबंदी उठायला १९२८ साल उजाडलं. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं त्या कायद्याच्या कक्षेबाहेर. पुढं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं अठ्ठाविसाव्या कलमात स्पष्टच म्हटलं की कोणताही रोग, दोष किंवा व्यंग वारसाच्या आड येणार नाही. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्यानंही मूल घेणाऱ्याकडून सज्ञान असणं आणि मनानं धड असणं मागितलं, कान मागितले नाहीत.

कायदा बदलला, भावकी बदलली नाही. मुक्या भावाची जमीन धाकटे कसतात, कागदावर अंगठा त्याचा असतो. त्याला मूल नसलं तर घरातूनच तोडगा निघतो: धाकट्याचा पोरगा दत्तक घे. यात माया नसतेच असं नाही. कित्येक पुतण्यांनी मुक्या चुलत्याला शेवटपर्यंत सांभाळलं आहे. पण त्याच माणसानं संस्थेतली मुलगी घरी आणायचं म्हटलं की बांधावरचे चेहरे बदलतात, कारण कायद्यानं ती मुलगी पूर्ण वारस होते. विज्ञानेश्वराची पोथी कुणी वाचलेली नसते, तरी ती सगळ्यांना पाठ असते.

आता ‘तेही बहिरंच निघायचं’ या भीतीबद्दल. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८३ मध्ये अमेरिकेत एक निबंध वाचला. बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्नं केली तर माणसाचा एक बहिरा वाणच तयार होईल, अशी त्यांची भीती. बेल यांची आई बहिरी, बायकोही बहिरी, तरीही. एडवर्ड फे या अभ्यासकानं मग बहिऱ्या माणसांची ४,४७१ लग्नं तपासली आणि १८९८ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांची माहिती मिळाली त्या मुलांपैकी बहिरी निघाली दहांत एकाहूनही कमी. उलट बाजूनं पाहिलं तर अमेरिकेतली नव्वद टक्क्यांहून जास्त बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या घरी जन्मतात. फे यांचं पुस्तक विसरलं गेलं, बेल यांची भीती टिकली. १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारनं आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्या यादीत आनुवंशिक बहिरेपण होतं.

बहिऱ्या जोडप्यांची बहुतेक मुलं ऐकणारी निघतात, त्याचं कारण साधं आहे. जन्मजात बहिरेपणाची जनुकं पुष्कळ आहेत आणि बहुतेक वेळा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. नवऱ्याचा दोष एका जनुकात आणि बायकोचा दुसऱ्यात असेल तर मुलं सहसा ऐकणारी होतात. दोघांचा एकाच जनुकात असेल तर बहुधा सगळी बहिरी. शिवाय तापानं, मेंदूज्वरानं, गरोदरपणातल्या गोवरासारख्या रुबेलानं, एखाद्या इंजेक्शननं ऐकणं गेलेलं असेल तर ते वारशात उतरतच नाही. हे तपासून सांगता येतं. पण सांगायचं कुणाला? डॉक्टर सासूला सांगतात, सासू सुनेला बोट हलवून ‘नाही’ म्हणते, समुपदेशन संपलं.

आणि ज्या गावात मामाची पोरगी करणं हा मान समजला जातो, त्या गावानं बहिऱ्यांना आनुवंशिकतेचे धडे द्यावेत, हेही जरा मौजेचंच. आतेभाऊ-मामेबहिणीच्या रक्तात आजा-आजीकडून आलेला एकच दोष असण्याची शक्यता परक्यांहून जास्त असते. मूकबधिर शाळेत ओळख होऊन लग्न केलेली जोडपी निदान वेगवेगळ्या गावांची आणि घराण्यांची तरी असतात.

स्वतः कर्णबधिर माणसं काय म्हणतात? एक उत्तर नाही. काहींना पोटचंच हवं, बाकी सगळ्या जगाला हवं असतं तसं, आणि त्यासाठी वेगळं कारण द्यायला ते तयार नसतात. काहींना ऐकणारंच मूल हवं असतं. बँकेत, दवाखान्यात, तहसिलात ते आपल्या वतीनं बोलेल हा हिशेब त्यात असतो आणि तो ते लपवत नाहीत. सात-आठ वर्षांच्या पोरावर मग आईबापांचा दुभाषी होण्याची पाळी येते; कर्जाचा हप्ता थकल्याचं वडिलांना त्यानंच खुणेनं सांगायचं. हे ओझं खरं आहे. पण म्हातारपणाची काठी म्हणून मुलगा मागणाऱ्या समाजानं या हिशेबाला नाक मुरडू नये. काहींना बहिरं मूल झालं तरी आनंदच असतो: घरात एक भाषा राहील, कुणी एकटं पडणार नाही. ही इच्छा ऐकणाऱ्यांना क्रूर वाटते. २००२ मध्ये अमेरिकेत एका बहिऱ्या जोडप्यानं मुद्दाम बहिरा वीर्यदाता निवडला हे उघड झालं तेव्हा जगभर गहजब झाला. निवडून बहिरं मूल घडवावं का, याबद्दल आमच्याही मनात खळखळ आहे. पण झालेलं मूल बहिरं निघालं म्हणून न रडणं वेगळं, आणि ते आम्हाला शहाणपणाचं वाटतं.

गुलजारांचा ‘कोशिश’ (१९७२) हा सिनेमा आठवा. संजीवकुमार आणि जया भादुरी यांच्या त्या बहिऱ्या जोडप्याचं पहिलं बाळ रात्री रांगत पावसात जातं, त्यांना कळत नाही आणि ते दगावतं. मांडवातली भीती पडद्यावर खरी झाली. दुसऱ्या वेळी बाळ खुळखुळ्याकडं बघत नाही म्हणून दोघं हादरतात. मग कळतं, खुळखुळ्यात खडेच नव्हते. बाळाला ऐकू येतं म्हणून आईबापांबरोबर आपलाही जीव भांड्यात पडतो. सिनेमा मोठ्या मनाचा आहे, पण त्या सुटकेच्या श्वासात बहिरं मूल म्हणजे संकट हे गृहीत धरलेलं आहे. गंमत म्हणजे पुढं हाच बाप बहिऱ्या मुलीला नकार देणाऱ्या स्वतःच्या लेकावर खवळतो.

बाळाचं रडणं ऐकण्याची सोय निघालेली आहे: आवाज झाला की दिवा लुकलुकतो, उशी थरथरते. ही यंत्रं मुळात बाळाला वेगळ्या खोलीत निजवणाऱ्या घरांसाठी. आपल्याकडं बाळ आईच्या कुशीत निजतं. तिचा हात त्याच्या अंगावर असतो, हललं की ती जागी होते. शेजारी आजी असते, जाऊ असते. पंगतीतल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत असं आधीच तयार असतं, फक्त प्रश्न विचारणाऱ्याला ते नको असतं.

आणि काहींना दत्तकच घ्यायचं असतं. मूल होत नाही म्हणून, किंवा होत असूनही. दत्तक घेतलेल्या मुलात कमीपणा मानायचं महाराष्ट्राला कारण नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंचा यशवंत दत्तकच होता. त्यातल्या काहींना तर बहिरंच मूल दत्तक हवं असतं, आणि या मागणीशी आम्ही सर्वांत जास्त सहमत आहोत. संस्थांमधली ऐकू न येणारी मुलं ‘विशेष गरजा’ असलेल्यांच्या यादीत जातात. देशातली जोडपी त्यांना सहसा पुढं येऊन घेत नाहीत आणि अशा यादीतली बरीच मुलं परदेशातल्या घरी जातात. तिकडं ती सुखात वाढत असतील, त्याबद्दल तक्रार नाही. पण या मुलाची ‘विशेष गरज’ म्हणजे नेमकं काय? पहिल्या दिवसापासून डोळ्यांना दिसणारी भाषा. ती ज्या घरात चहा मागताना आणि भांडतानाही वापरतात, ते घर भूम-परंड्यात असू शकतं.

अशा घराची फाईल पुढं सरकते कशी, ते पाहू. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी होते, मग समाजकार्यकर्ता घरी येऊन अहवाल तयार करतो. २०२२ च्या नियमांत आईबाप शरीरानं, मनानं आणि पैशानं सक्षम असावेत आणि त्यांना जीवघेणा आजार नसावा असं म्हटलं आहे. बहिरेपणाची बंदी कुठंच नाही. तरी ‘सक्षम’ या शब्दात काय भरायचं ते त्या भेटीत ठरतं. ती भेट म्हणजे तासाभराच्या गप्पा: मूल का हवं, रागावर ताबा कसा ठेवता, तुमच्यात पटतं का. हे प्रश्न खुणांतून कोण विचारणार? मधे भाऊ बसला तर जमिनीचा वाटेकरीच दुभाषी झाला. सासू बसली तर सून काय सांगेल?

या नियमांच्या वरचा कायदाही इथं थोडा अपुरा आहे. भारतानं २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा अपंगहक्क करार म्हणतो की मुलाच्या किंवा आईबापांपैकी कुणाच्याही अपंगत्वावरून मुलाची ताटातूट करू नये. आपल्या २०१६ च्या अपंगहक्क कायद्याच्या नवव्या कलमात मुलाचं अपंगत्व आलं, आईबापांचं राहून गेलं. दहावं कलम मात्र अपंग माणसाला मूल होऊ देण्याबद्दलची योग्य माहिती मिळण्याचा हक्क देतं आणि संमतीवाचून नसबंदीसारखी प्रक्रिया करायला मनाई करतं. आता संमती सासूच्या हातवाऱ्यांतून घेतली तर ती संमती कुणाची?

दत्तकाचे आदेश पूर्वी न्यायालय देई. सप्टेंबर २०२२ पासून त्यावर जिल्हाधिकाऱ्यांची सही लागते. म्हणजे धाराशिवच्या जोडप्याचा आदेश धाराशिवातच निघतो. घरभेटीला, प्रसूतिकक्षात आणि नसबंदीच्या कागदावर सही घेताना नात्यातला नसलेला, भारतीय सांकेतिक भाषा शिकलेला दुभाषी हजर असावा, एवढी मागणी आम्ही या पानावरून त्यांच्याकडं करतो. त्यासाठी मुंबई-दिल्लीकडं बघत बसायचं कारण नाही. दुभाषी दूरच्या शहरात असला तर मोबाईलच्या पडद्यावरूनही काम भागतं. अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे, सह्या हव्या आहेत. अंक हातात पडल्यावर ज्यांना पटेल त्यांनी कळवावं.